२६१८-०५१६ : रविवारी रिसेट करू नका, आधी राउटरचा आयपी बघा

ताई, निन्टेन्डो स्विच या गेम कन्सोलवर ऑनलाइन खेळताना येणाऱ्या एररबद्दलची तुमची पोस्ट वाचली आणि २०२० चा जून डोळ्यांसमोर आला. ईशॉप (निन्टेन्डोचं ऑनलाइन दुकान) उघडतंय, अपडेट उतरतायत, पण मुलगा न्यू जर्सीच्या चुलतभावाबरोबर खेळायला गेला की २६१८-०५१६. हुबेहूब आमचंच दुखणं. शेवटी तुम्ही लिहिलंय, "कस्टमर केअरने स्विच फॅक्टरी रिसेट करायला सांगितलंय, रविवारी करते." त्या एका वाक्यासाठी लिहायला बसलोय. नका करू.

राउटर बंद-चालू करणं, पासवर्ड तपासणं हे तुमचं झालेलंच असणार, ते सोडून देतो.

लॉकडाउनमध्ये माझी मुलगी नऊ वर्षांची होती. ॲनिमल क्रॉसिंग या गेममधलं बेट तिने तीन महिने जपलं होतं. तिच्याकडे नासपतीची झाडं, मेलबर्नच्या मावसबहिणीकडे चेरीची. चेरी घेऊन ती येणार म्हणून हिने बेटावरच्या विमानतळापासून घरापर्यंत फुलं लावून ठेवली होती. रोज दुपारी विमानतळाचं गेट उघडायचं, बहीण निघायची आणि एरर यायचा. आमच्या इंटरनेट कंपनीला मी सात-आठ वेळा फोन केला. उत्तर ठरलेलं: "सर, स्पीड बरोबर येतोय, प्रॉब्लेम तुमच्या डिव्हाइसमध्ये आहे, रिसेट मारा."

मी मारला. त्याआधी मेमरी कार्ड काढून कपाटात ठेवलं, म्हणजे तिचं बेट सुरक्षित राहील अशी माझी खात्री होती. इथेच घात झाला. स्विचमध्ये कार्डावर गेम, अपडेट, फोटो जातात. सेव्ह डेटा कायम कन्सोलच्या आतल्या मेमरीतच राहतो. इनिशियलाइझ, म्हणजे फॅक्टरी रिसेट, केलं की तो गेला. या गेमला नेहमीचा क्लाउड सेव्ह चालत नाही, आणि त्याची वेगळी बेट-बॅकअपची सोय आली ३० जुलै २०२० ला. आमचं बेट त्याच्या पाच आठवडे आधी पुसलं गेलं होतं. नंतर गेम उघडला आणि तो नवीन बेटाचं नाव विचारायला लागला. मुलगी काही बोलली नाही, कन्सोल माझ्या हातात देऊन आत गेली. आणि संध्याकाळी पुन्हा तोच एरर, तोच नंबर.

कारण बिघाड कन्सोलमध्ये नव्हताच. पूर्वी चाळीत खाली वाण्याकडे एकच फोन असायचा. तिथून तुम्ही कुणालाही फोन लावू शकत होता, पण बाहेरच्याला थेट तुमच्या खोलीत फोन करता येत नसे. ईशॉप, अपडेट म्हणजे तुम्ही बाहेर लावलेला फोन, तो लागतोच. दोन कन्सोल थेट एकमेकांशी बोलायचे असतील तर मात्र समोरच्याला तुमची खोली सापडावी लागते. बऱ्याच कंपन्या एकच सार्वजनिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, अनेक घरांत वाटतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. त्यात भर म्हणजे जुन्या स्विचला आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) येत नाही, त्यामुळे ती पळवाटही बंद.

आता तुम्ही काय बघायचं. सिस्टिम सेटिंग्ज, इंटरनेट, टेस्ट कनेक्शन. तिथे नॅट टाइप दिसेल, म्हणजे बाहेरच्याला तुमच्या कन्सोलपर्यंत पोहोचणं किती सोपं याची श्रेणी. ए किंवा बी असेल तर माझं उत्तर तुमच्या कामाचं नाही, मग दोष पलीकडच्या घरात शोधा. डी असेल तर राउटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन वॅन आयपी, म्हणजे कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, किंवा १० ने सुरू होत असेल, तर वाटलेला आयपी आहे. मग घरात काहीही बदला, उपयोग शून्य. १९२.१६८ दिसला तर कंपनीचा फायबरचा डबा आणि तुमचा राउटर, दोघेही राउटरचं काम करतायत. तो डबा ब्रिज मोडवर टाकून घ्या, म्हणजे तो राउटरचं काम सोडेल, मग हाच आकडा पुन्हा बघा.

डीएनएस ८.८.८.८ करा असा सल्ला तुम्हाला तिघांनी दिलाय. माझं मत स्पष्ट आहे: या एररला त्याचा काही संबंध नाही. नावावरून पत्ता शोधायचं ते काम आहे, आणि तुमचे पत्ते सापडतायत. एमटीयूचंही (डेटाच्या एका पाकिटाच्या आकाराचं सेटिंग) तेच. मोबाइल हॉटस्पॉटवर करून बघायलाही हरकत नाही, पण तिथेही बहुधा सीजीनॅटच असतं, तेव्हा तिथे अडलं म्हणून स्विच खराब ठरवू नका.

आमचं काम झालं ते कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त आपल्या घराचा, न बदलणारा पत्ता, घेतल्यावर. त्याचे जादा पैसे पडतात. फोनवरच्या मुलांना बऱ्याचदा हा शब्दच माहीत नसतो, म्हणून ईमेल करा आणि "पब्लिक स्टॅटिक आयपीव्ही४ हवा" असंच लिहा. मिळाल्यावर राउटरमध्ये स्विचला कायमचा एक आयपी राखून ठेवा आणि यूडीपी पोर्ट (बाहेरून डेटा आत यायचे क्रमांक दिलेले दरवाजे) फक्त त्याच आयपीकडे वळवा. निन्टेन्डो जवळपास सगळे वळवायला सांगतं; ते लॅपटॉपच्या आयपीवर चुकूनही करू नका. मी नेटवर्कवाला नाही, अकाउंट्समध्ये काम करतो, तेव्हा हे करताना जाणकार कुणी शेजारी असेल तर उत्तम. आमचा टाइप डीवरून बी झाला.

इनिशियलाइझ करायची वेळ आलीच, तर कन्सोल पूर्ण बंद करून आवाजाची दोन्ही बटणं दाबून धरा आणि पॉवर दाबा. मेंटेनन्स मोडमध्ये सेव्ह डेटा न पुसता इनिशियलाइझ करायचा वेगळा पर्याय आहे. ही माहिती मला त्या सात-आठ फोनमध्ये एकदाही मिळाली नाही, याचा राग अजून आहे.

खाली एका दादांनी थ्रीडीएसबद्दल (निन्टेन्डोचा जुना हातातला कन्सोल) विचारलंय. त्याची ऑनलाइन सेवा एप्रिल २०२४ मध्येच बंद झाली, राउटरवर वेळ घालवू नका.

ताई, नॅट टाइप आणि वॅन आयपीचे पहिले दोन आकडे इथे टाका, पूर्ण आयपी नको. आज रात्री बघतो.