विकताना काय मिळेल, ते आधी विचार

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

बचतीतला निम्मा हिस्सा संग्राह्य नाण्यांत घालावा का, असे तू विचारले आहेस. पण पत्राचा सूर पाहता तुझे ठरून गेले आहे आणि माझ्याकडून केवळ होकार हवा आहे, असे दिसते. तो मिळणार नाही. तुझ्या आवडीचे कौतुक करण्यात मी शाई घालवत नाही. आवड नसती तर तू मला लिहिलेच नसतेस. तुझा घोळ आवडीचा नाही, हिशेबाचा आहे.

माझे सांगणे एवढेच आहे की कोणतेही नाणे घेण्यापूर्वी ते विकणाऱ्यालाच विचारावे, ‘हेच नाणे मी उद्या परत आणले, तर तुम्ही काय द्याल?’ किंमतपुस्तकात छापलेला आकडा हा मागण्याचा आकडा असतो, मिळण्याचा नव्हे. समजा, शंभराला घेतलेले नाणे तोच विक्रेता सत्तरला परत घेतो. याचा अर्थ, त्याची परत घेण्याची किंमत ४३ टक्क्यांनी वाढेल तेव्हा कुठे तुझे मुद्दल हाती येईल. यासाठी दहा वर्षे दरसाल साडेतीन टक्क्यांहून थोडी अधिक वाढ सलग व्हावी लागेल, आणि त्या दहा वर्षांत नाणे तुला ना व्याज देणार, ना लाभांश. उलट तिजोरीचे भाडे आणि विम्याचा हप्ता तूच भरणार.

तू अमेरिकेच्या १९३३ सालच्या वीस डॉलरच्या सोन्याच्या नाण्याचा दाखला दिला आहेस. ते २००२ मध्ये सुमारे ७५ लाख ९० हजार डॉलरला आणि २०२१ मध्ये सुमारे १ कोटी ८८ लाख ७० हजार डॉलरला विकले गेले, हे खरे. (पहिल्या वेळी त्या रकमेत वीस डॉलर दर्शनी मूल्याचे म्हणून वेगळे मोजले होते, कारण सरकारच्या लेखी ते नाणे तोवर चलनात आलेलेच नव्हते, या धंद्यातली ही माझी आवडती गंमत आहे.) पण जरा चक्रवाढीने मांडून पाहा: जवळजवळ एकोणीस वर्षांत दरसाल पाच टक्क्यांच्याही किंचित आतच वाढ पडते, आणि २०२१ चा तो आकडा लिलावगृहाच्या शुल्कासह खरेदीदाराने मोजलेला आहे, विकणाऱ्याच्या हाती पडलेला नाही. जगातल्या सर्वांत गाजलेल्या नाण्याची ही कथा, तर तुझ्या डब्यातल्या नाण्यांनी काय करावे?

दुसरा दाखला तू दिला नाहीस, म्हणून मी देतो. १७९४ सालचा एक चांदीचा अमेरिकी डॉलर २०१३ मध्ये एक कोटी डॉलरहून थोड्या अधिक किमतीला गेला. २०२० मध्ये तोच पुन्हा लिलावात आला, तेव्हा मालकाने ठरवलेल्या किमान किमतीपर्यंत बोली पोहोचलीच नाही. त्या मालकाला थांबणे परवडले. तुला घराच्या हप्त्यासाठी किंवा आजारपणासाठी त्याच आठवड्यात पैसे हवे असतील, तर परवडेल का?

‘जुने नाणे दुर्मिळ होतच जाते’ हे वाक्य तू तीनदा लिहिले आहेस, आणि तिन्ही वेळा माझा धीर सुटत गेला. चौथ्या शतकातली रोमन तांब्या-काशाची नाणी सोळाशे वर्षांची आहेत आणि तरीही ती अगदी किरकोळ भावात मिळतात, कारण ती जमिनीतून ढिगांनी निघत आली आहेत. उलट १९०९ सालचे सॅन फ्रान्सिस्कोच्या टाकसाळीतले, शिल्पकाराची आद्याक्षरे असलेले लिंकन सेंट, म्हणजे लिंकनची छबी असलेले अमेरिकेचे एक सेंटचे नाणे, ४ लाख ८४ हजार पाडले गेले, आणि तरी ते महाग आहे. ज्यांना ते हवे आहे अशांची संख्या फार मोठी आहे. वय आणि दुर्मिळपणा यांना स्वतःची किंमत नसते, गिऱ्हाईकामुळे ती येते. म्हणून पुन्हा सांगतो, गिऱ्हाईक कोण आणि तो काय देईल, हे आधी विचार.

सीलबंद प्लॅस्टिकमधल्या नाण्याला त्याच्या स्थितीवरून दिलेल्या प्रतवारीच्या आकड्यावरही तुझा फार भरवसा दिसतो. सत्तर अंकांची ती मोजपट्टी १९४९ मध्ये मुळात अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटांसाठी मांडली गेली, आणि नाणी तपासून, आकडा देऊन सीलबंद करण्याचा व्यवसाय १९८६ पासून फोफावला. मग नाणे म्हणजे शेअरच, असे समजून वॉल स्ट्रीटचा पैसा आत शिरला, १९८९ मध्ये भाव भडकले आणि पाठोपाठ कोसळले. आकडा शेवटी माणसाच्या डोळ्यांनी ठरतो. तेच नाणे डबीतून काढून पुन्हा पाठवले तर वेगळा आकडा येऊ शकतो, आणि ६४ व ६५ यांच्यातल्या एका अंकाने किंमत कधी कधी कित्येक पटींनी बदलते.

त्यापेक्षा स्वतः पाहायला शीक. एकाच दिव्याखाली नाणे बोटांत धरून हळूहळू कलते कर. न वापरलेल्या, न पुसलेल्या नाण्यावर उजेडाचे पट्टे मध्यापासून कडेपर्यंत चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात, कारण ठसा आदळताना धातू बाहेरच्या दिशेने वाहतो आणि त्याच्या अतिबारीक रेषा पृष्ठभागावर राहतात. कोणी हौसेने पावडर लावून घासले की त्या रेषा जातात. मग नाणे चकाकते, पण उजेड जागचा हलत नाही, आणि भिंगाखाली ओरखडे दिसतात. असे नाणे परत घ्यायला विक्रेता कसे तोंड वाकडे करतो, ते एकदा पाहून ये.

ज्यांच्याकडून मी हे शिकलो, त्यांचा संग्रह त्यांच्या पश्चात मुलांनी एकाच व्यापाऱ्याला एका दुपारी देऊन टाकला. कोणत्या नाण्याला कोण गिऱ्हाईक आहे, हे सगळे त्यांच्या डोक्यात होते, कागदावर काहीच नव्हते. ते तसे लिहून ठेवा, असे मी त्यांना सांगू शकलो असतो. संकोच आडवा आला, याची खंत अजून जात नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक पाकिटावर मी खरेदीची रक्कम, विक्रेत्याने परतीसाठी सांगितलेली रक्कम आणि तारीख लिहितो. लोक हसतात, हसोत. तू म्हणशील, मग तुम्ही स्वतः का जमवता? मी त्याला गुंतवणूक कधीच म्हटले नाही. जो पैसा परत आला नाही तरी झोप मोडत नाही, तेवढाच मी त्यात घातला, आणि या बाबतीत मी कोणाचेही ऐकणार नाही.

सोन्याच्या भावावरच विश्वास असेल, तर एक औंस शुद्ध सोने असलेली, दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगरँडसारखी नाणी धातूच्या भावाच्या आसपास घेता-विकता येतात. पण ती सोन्याची खरेदी झाली, संग्रह नव्हे, आणि प्रश्न तिथेही तोच विचारायचा.

तू पाठवलेल्या यादीतल्या प्रत्येक नाण्यासाठी दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून परतीची रक्कम लेखी घे आणि मला पाठव. जो लिहून द्यायला तयार नसेल, त्याच्या नावापुढे तसे नोंदव. तोवर मुदत ठेव मोडू नकोस.

तुझा शुभचिंतक