नाव नको, माप बघ

तू पाठवलेला फोटो पाहिला. लुई व्हिताँ या महागड्या फ्रेंच फॅशन ब्रँडची ती सायकल २०२१ मध्ये आली, किंमत २० हजार युरोंच्या वर. कारागिरी सुबक आहे, ते मी नाकारत नाही. पण त्यातले बरेच पैसे नावाचे आहेत, आणि तसल्याच थाटाची सायकल कर्ज काढून घ्यायचं तुझ्या मनात आलं म्हणून जीव तळमळून लिहितोय.

तुला संभाजीनगरहून दौलताबादचा घाट चढून वेरूळला जायचंय ना? चढावर कामाला येतो हलका गिअर. मागच्या कॅसेटला, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाला, ३२-३४ दात्यांची चकती हवीच. टायर ३२ ते ३५ मिलिमीटरचे घे, आत लायनर, म्हणजे काट्यांपासून ट्यूब वाचवणारी पट्टी, टाक. वेड्या बाभळीचे काटे आपल्याकडे पावलापावलावर. सुटे भाग गावातल्या दुकानात मिळतील असेच असू देत.

सगळ्यात आधी मात्र फ्रेमचं माप. मी पहिली सायकल रंगावर भाळून घेतली, एक माप मोठी. सहा महिने मान आणि मनगटं ठणकत होती, शेवटी निम्म्या किमतीत विकली.

उरलेल्या पैशातून चांगलं हेल्मेट, पंप, दोन ट्यूब घे. रविवारी पहाटे साडेपाचला ये, आधी माझी चालवून बघ.