तुमचे प्रश्न: इंटेलच्या बाराव्या पिढीचे लॅपटॉप

२०२२ साली आलेले इंटेलच्या बाराव्या पिढीचे, म्हणजे ‘अल्डर लेक’चे लॅपटॉप सध्या सेकंडहँड बाजारात भरपूर आहेत. या वेळी त्यांच्यावरचेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न: मुलगी मेकॅनिकल इंजिनिअरिंगला आहे. एकाच किमतीत दोन जुने लॅपटॉप मिळताहेत, दोन्ही ‘आय५, बारावी पिढी’. एक १२३५यू, दुसरा १२४५०एच. दुकानदार म्हणतो, पहिल्यात दहा कोअर आहेत, दुसऱ्यात आठच. तेव्हा पहिला घ्या. (सांगली)

नुसते कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) मोजून प्रोसेसर निवडायची सोय या पिढीने ठेवलेली नाही. इथे कोअर दोन जातींचे आहेत: मोठे, जोर लावणारे परफॉर्मन्स कोअर आणि लहान, कमी वीज खाणारे एफिशियन्सी कोअर. १२३५यूमध्ये मोठे २ आणि लहान ८. १२४५०एचमध्ये मोठे ४, लहान ४. मोठा कोअर दोन थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) चालवतो, लहान एकच. म्हणून थ्रेड दोन्हीकडे १२च भरतात. दुकानदाराचे दहा खोटे नाहीत, पण त्यातले आठ लहान आहेत.

खरा फरक विजेचा. १२३५यूची बेस पॉवर (सतत चालताना धरलेली वीज) १५ वॅट, १२४५०एचची ४५. थोडा वेळ ताणल्यावर यू ५५ आणि एच ९५ वॅटपर्यंत जाऊ शकतो. कॅडमध्ये (संगणकावरच्या आरेखनात) भाग काढताना बहुतेक काम एकाच कोअरवर चालतं. दोघांचा कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झच, त्यामुळे तिथे फार फरक जाणवणार नाही. सिम्युलेशन किंवा रेंडर दहा-वीस मिनिटं चाललं की मात्र एच स्पष्ट पुढे जातो.

एक मेख आहे. १२४५०एचचं आतलं ग्राफिक्स ४८ युनिटचं, १२३५यूचं ८०चं. म्हणून एचवाल्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर डोळे झाकून तोच घ्या. कार्ड नसेल आणि रोज बॅटरीवर कॉलेजात न्यायचा असेल तर यू बरा.

दुकानातच एक चाचणी करा. चार्जर लावून एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडा आणि प्रोसेसरवर दहा मिनिटं पूर्ण भार टाका. ‘सीपीयू पॅकेज पॉवर’ आधी उडी मारते, मग खाली येते; हे ठरवूनच केलेलं असतं. पण तापमान १०० अंशांना टेकलेलं आणि वॅट बेस पॉवरच्याही खाली गेलेले दिसले, तर पंख्यात धूळ आहे किंवा थर्मल पेस्ट वाळली आहे. भावात तेवढं कमी करून मागा.

प्रश्न: जाहिरातीत ‘आयरिस एक्सई’ लिहिलं होतं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये नुसतं ‘यूएचडी ग्राफिक्स’ दिसतं. फसवणूक आहे का? प्रोसेसर १२३५यू. (नाशिक)

बहुधा नाही. आयरिस एक्सई हे नाव मेमरी दोन चॅनलमध्ये (दोन वाटांनी जोडलेली) असेल तरच दिसतं. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं. डीडीआर४-३२००ची एकच पट्टी असेल तर सेकंदाला २५.६ जीबीची वाट मिळते. दोन पट्ट्यांनी ती दुप्पट होते.

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. ‘स्लॉट्स यूज्ड’पुढे दोनपैकी एक दिसलं तर दुसरी पट्टी घ्या. आधी डीडीआर४ की डीडीआर५ ते पाहा. खाच वेगळ्या जागी असते, एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. शक्यतो आहे त्याच आकाराची घ्या. ८ला १६ जोडली तरी चालतं, फक्त वरची ८ जीबी एकाच चॅनलवर राहते. लॅपटॉप बंद करून बॅटरीचा कनेक्टर काढा, पट्टी तिरपी घालून दोन्ही बाजूंच्या क्लिपा ‘टक्’ होईपर्यंत दाबा. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा सुरू करताना पडदा मिनिटभर काळाच राहू शकतो. घाबरून पॉवर बटण दाबून धरू नका.

(आय३-१२१५यू असेल तर पट्टी घालूनही नाव यूएचडीच राहील.)

प्रश्न: विंडोज नव्याने टाकताना एसएसडी दिसतच नाही. खराब झाली का? (रत्नागिरी)

बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) दिसते ना? मग ठीक आहे. बऱ्याच मॉडेलमध्ये एसएसडी ‘व्हीएमडी’ या इंटेलच्या स्टोरेज कंट्रोलरमागे असते आणि विंडोजच्या पेनड्राइव्हवर अनेकदा त्याचा ड्रायव्हर नसतो. दुसऱ्या संगणकावर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ‘रॅपिड स्टोरेज’ ड्रायव्हर उतरवा. तो एक्झी फाइल म्हणून आला तर आधी उलगडून फोल्डर करा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. फोल्डर पेनड्राइव्हवर टाका, डिस्क निवडायच्या पडद्यावर ‘लोड ड्रायव्हर’ दाबून व्हीएमडी कंट्रोलर निवडा.

बायोसमधून व्हीएमडी बंद करायचा सल्लाही मिळतो. कोरं विंडोज टाकणार असाल तरच तो ऐका. आधीचं विंडोज ठेवून बंद केलंत तर निळा पडदा येईल, शिवाय बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ते रिकव्हरी की मागेल.

प्रश्न: आय३ काढून आय५ बसवता येईल? (लातूर)

नाही. प्रोसेसर मदरबोर्डला डाखलेला असतो. त्या पैशात रॅम आणि एसएसडी वाढवा.

प्रश्न: बारावीऐवजी तेरावी पिढी किंवा नवा ‘कोअर ५ १२०यू’ घ्यावा का? (पणजी)

यू मालिकेत १२३५यू, १३३५यू आणि १२०यू तिघांतही २ मोठे आणि ८ लहान कोअरच आहेत. वाढला तो मुख्यतः वेग: ४.४, ४.६ आणि ५.० गिगाहर्ट्झ. म्हणजे मांडणी जुनीच समजा आणि नव्या नावासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.