भूल देण्याआधी पेशंटशी नीट बोल

फाईलमधला ईसीजी आणि हिमोग्लोबिन नंतर बघ. आधी पेशंट खोलीत चालत कसा येतो ते बघ. 'दम लागतो का?' असं विचारलंस तर बरेच जण 'नाही' म्हणतात, कारण दम लागेल असं काम त्यांनी कधीच सोडलेलं असतं. त्यापेक्षा विचार, न थांबता दोन जिने चढता का? नाशिकच्या टेकडीवरच्या पांडवलेण्याला शेवटचे कधी गेलात, मध्ये किती वेळा टेकलात? दोन जिने सलग चढणाऱ्याची क्षमता साधारण 4 मेट्स धरतात (मेट्स म्हणजे शरीराला किती श्रम झेपतात त्याचं माप; स्वस्थ बसणं म्हणजे 1). चढता येत नसेल तर कारण शोध. गुडघा दुखतो की छाती भरून येते, यात फार फरक आहे.

निफाड-दिंडोरीकडचा पेशंट असेल तर द्राक्षबागेतल्या फवारणीबद्दल विचारच. फवारणीतली ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं शरीरातलं कोलिनेस्टरेज हे एन्झाइम दाबतात. भूल देताना स्नायू सैल करायला वापरतात ते सक्सिनिलकोलिन हेच एन्झाइम मोडतं, मग त्याचा परिणाम लांबतो आणि पेशंटचा स्वतःचा श्वास परतायला उशीर होतो. छापील फॉर्मवर हा प्रश्न सहसा नसतो, म्हणून एवढ्या आग्रहाने सांगतोय.

तोंड उघडायला लाव, तीन बोटं मावली पाहिजेत, नाहीतर श्वासाची नळी घालणं अवघड जातं. गुटखा खाणाऱ्यांचा जबडा आखडलेला असू शकतो. ते टेबलावर कळून उपयोग नाही.

उपाशी राहण्याचं नीट समजाव: पोटभर जेवण 8 तास, हलकं खाणं 6 तास, साधं पाणी 2 तास आधीपर्यंत. दुधाचा चहा पाण्यात धरायचा नाही, हे आजींना वेगळं सांग. बीपीची कोणती गोळी घ्यायची, शुगरची कोणती थांबवायची, ते मोठ्या अक्षरात लिहून नातेवाइकांच्या हातात दे.