वाचक विचारतात: खिद्रापूरचं देऊळ हेमाडपंती का नाही?

प्रश्न: मागच्या महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या खिद्रापूरला जाऊन आलो, तिथलं कोपेश्वराचं म्हणजे शंकराचं देऊळ बघितलं. सोबतचे सगळे "हेमाडपंती, हेमाडपंती" म्हणत होते, खरंच का? आणि एवढ्याशा खेड्यात एवढं मोठं देऊळ आलं कुठनं? नंदी का नाही समोर?

उत्तर: आधी हेमाडपंताचं मिटवून टाकू. हेमाद्री हा यादवांचा मंत्री, महादेव आणि रामचंद्र यांच्या काळातला, म्हणजे १२६० नंतरचा माणूस. आणि या देवळाच्या दक्षिण दाराजवळ यादव राजा सिंघणाचा संस्कृत लेख आहे, शके ११३६ चा, म्हणजे साधारण १२१४ सालचा, त्यात कोपेश्वराच्या पूजेसाठी गाव दान दिल्याची नोंद आहे. देऊळ आधीच उभं होतं, तेव्हा हेमाद्रीचा पत्ताही नव्हता! आपल्याकडे काळ्या दगडाचं जुनं देऊळ दिसलं की हेमाडपंताच्या नावावर टाकायची सवयच लागलीय, त्याला काय करणार.

बांधलं ते कोल्हापूरच्या शिलाहारांच्या काळात, बाराव्या शतकात. मग यादव कुठून आले म्हणाल तर सिंघणाने १२१२ च्या आसपास शेवटचा शिलाहार राजा दुसरा भोज याला हरवलं, राज्यच गिळलं, आणि लगेच दोनेक वर्षांत या देवाला दान दिलं. नवीन मालकाने जुन्या गावात आपलं बस्तान बसवायचं तर देवळाला दान देण्यासारखा सोपा मार्ग नाही, असं माझं मत आहे. बाकीचे बहुतेक लेख जुन्या कन्नडमधले आहेत, आजच्या राज्याच्या सीमा तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हत्या. गाव तसं अजून मागे जातं. अकराव्या शतकाच्या मध्यात चोळ राजा राजाधिराज हत्तीवर बसून लढताना जिथे पडला ते कोप्पम म्हणजे हेच, असं काही अभ्यासक म्हणतात, काही जण कर्नाटकातलं कोप्पळ सांगतात, वाद चालूच आहे.

आता नंदीचं. कथा अशी की सती दक्षाच्या यज्ञाला माहेरी गेली ती नंदीवर बसून, म्हणून नंदी इथे नाही, तो कृष्णाकाठच्याच येडूरला आहे. आणि कोपलेल्या शंकराला शांत करायला विष्णू आला, म्हणून गाभाऱ्यात कोपेश्वराबरोबर धोपेश्वर, म्हणजे लिंगरूपातला विष्णूही आहे. दर्शन घेऊन लोक पटकन बाहेर पडतात, हे दुसरं लिंग बघायचंच राहतं.

खरी मजा स्वर्गमंडपात, म्हणजे देवळाच्या पुढच्या मंडपात आहे हो. अठ्ठेचाळीस खांब, मधला छताचा गोल उघडाच, आणि बरोब्बर त्याच्याखाली तेवढ्याच आकाराची गोल शिळा. होमाचा धूर जायला उघडा ठेवला म्हणतात, कुणी म्हणतं काम अर्धवट राहिलं. मला धुराचं फारसं पटत नाही, पण खाली शिळा आणि वर मोकळं आकाश असं जुळवून बांधलेलं बघितलं की अर्धवट म्हणवत नाही. एकच खांब खालून वर नीट बघा, चौकोनी, मग अष्टकोनी, मग गोल, एकाच दगडात. आणि बाहेरून फेरी मारताना पायथ्याशी हत्तींची रांग आहे, वर कुणी ना कुणी बसलेलं, हात सोंडा तुटलेल्या, तरी नजर हटत नाही.

गावात जुनं जैन मंदिरही आहे, आदिनाथाचं, तिकडे सहसा कुणी फिरकतच नाही. शिलाहारांनी जैनांनाही भरपूर आश्रय दिला होता, तेव्हा कोपेश्वराएवढंच तेही बघण्यासारखं. पुढच्या वेळी पावसाळा टाळून जा, कृष्णेला पूर आला की गावात पाणी शिरतं, २०१९ ला तर शिरोळ तालुक्यात काय झालं ते आठवत असेलच.