एकटीनं उचलायचं नाही

प्रिय पोरी,

परवा बर्डीवर भेटलीस तेव्हा बोलता बोलता दोनदा तुझा हात कमरेवर गेला. वर म्हणालीस, "मॅडम, होईल सवय." नाही होत. वासाची होते, रात्रपाळीची थोडीफार होते. मणक्यातली चकती झिजते, सरकते आणि मग पायात कळ उतरते. माझी कमरेतली, एल-फोर आणि एल-फाइव्ह या मणक्यांमधली, सरकलेली आहे.

'सिस्टर एकट्या पेशंट फिरवतात' असं माझं कौतुक व्हायचं आणि मी फुशारायची. मे महिना, कूलर गरम हवा फेकतोय, अख्ख्या वॉर्डाला आम्ही दोघी. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर बेडसोर. दुसरीला हाक मारायला वेळ कुठे, असं म्हणायची. वेळ होता गं. लाज वाटायची.

पाठ ताठ, गुडघे वाकवा, हे शिकवलंय ना? खोक्यासाठी ठीक आहे. माणूस मध्येच घाबरतो, गळ्यालाच लोंबकळतो. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या संशोधकानं २००७ साली हिशेब मांडला: पेशंट हलवताना एकीवर ३५ पौंड, म्हणजे साधारण १६ किलोंच्या वर भार नको. सत्तर किलोच्या माणसाचा नुसता एक पाय ११ किलोंच्या आसपास भरतो. पुढचं गणित तू कर.

म्हणून एकटीनं उचलायचं नाही. खाट कमरेएवढी वर घे, ब्रेक लाव, ड्रॉशीट, म्हणजे पेशंटखालची आडवी चादर, धरून सरकव; पण पलीकडे कुणी असल्याशिवाय हात लावू नकोस. वॉर्डातले मदतनीस मामा चहाला गेले असतील तर येऊ दे त्यांना.

बोलणी बसतात, हो. पाठ गेल्यानंतरची गोष्ट. एका रात्री एक आजोबा खाटेवरून घसरले. डोकं पाहिलं, खुबा पाहिला, नाडी पाहिली, जमिनीवरच पांघरूण घातलं आणि थांबले. मदत यायला पंधरा मिनिटं लागली. मुलगा ओरडतोय, "उचलत काऊन नाही?" सकाळी मला मेमो. अजून कपाटात आहे तो. खुब्याचं हाड मोडलेलं असतं आणि मी ओढलं असतं तर? इतक्या वर्षांनी भांडी घासताना त्या मुलाला मी हेच सांगत असते. एकटीनं उचलायचं नाही, बाबा!

पायात मुंग्या येत असतील तर बाम चोळत बसू नकोस, ऑर्थोला दाखव. रविवारी घरी येजो. येताना खालून पाण्याचा कॅन आणावा लागेल. वॉचमनला सोबत घे.

तुझी,
मॅडम