मागच्या वर्षीच्या एक्सेल फाईलवर नव्या वर्षाचे आकडे सेव्ह झाले. जुनी फाईल परत मिळेल का?

म्हणजे झालं असं: सोसायटीच्या मेंटेनन्सची मागच्या वर्षीची फाईल उघडली, वसुलीचे रकाने पुसून नव्या वर्षाचे आकडे भरले, 'सेव्ह ॲज'ऐवजी नुसतं 'सेव्ह' केलं आणि फाईल बंद केली. आता ऑडिटर जुना हिशेब मागतोय. लॅपटॉप तुमचा स्वतःचा, विंडोजचा.

मिळण्याची शक्यता बरी आहे, पण सगळं अवलंबून आहे ते फाईल नेमकी कुठे ठेवलेली होती यावर. ते कळेपर्यंत त्या फाईलमध्ये एकही नवीन एन्ट्री करू नका आणि लॅपटॉपवर काही डाउनलोड किंवा इन्स्टॉलही करू नका. कारण खाली येईलच.

आधी एक वेळखाऊ सल्ला बाजूला काढू. जो तो 'रिकव्हर अनसेव्ह्ड वर्कबुक्स'वर क्लिक करायला सांगतो. ती सोय लाइट गेली, एक्सेल अडकलं किंवा सेव्ह न करताच फाईल बंद झाली, अशा वेळची. एक्सेल मूळ सेटिंगनुसार दर १० मिनिटांनी एक तात्पुरती प्रत ठेवतं, पण तुम्ही स्वतः सेव्ह करून नीट बाहेर पडलात की ती प्रत ते स्वतःच काढून टाकतं. एकदा डोकावून बघा, त्यात तास घालवू नका. फाईल अजून उघडी असती तर मात्र सेव्ह केल्यानंतरही कंट्रोल-झेड दाबत मागे जाता आलं असतं. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पण तुमची फाईल बंद झालीय, तेव्हा तो रस्ता संपला.

आता खरं काम. फाईल जिथे आहे ते फोल्डर उघडा आणि वरच्या पट्टीत 'वनड्राइव्ह' (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फाईली ठेवायची सोय) हा शब्द दिसतो का बघा, किंवा फाईलच्या बाजूला निळा ढग वा हिरवी टिकमार्क आहे का. "मी वनड्राइव्ह वापरतच नाही" असं म्हणून पुढे जाऊ नका. नवा लॅपटॉप सुरू करताना विचारलेल्या प्रश्नांना आपण भराभर 'नेक्स्ट' करत जातो, त्यातच डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डर्स वनड्राइव्हला जोडली गेलेली असतात. तसं असेल तर तुमचं काम पाच मिनिटांचं. एक्सेलमध्ये फाईल उघडून 'फाईल', मग 'इन्फो', मग 'व्हर्जन हिस्टरी'. किंवा ब्राउझरमधून वनड्राइव्हवर जाऊन फाईलवर राइट-क्लिक आणि तिथे 'व्हर्जन हिस्टरी'. तारीखवार यादी येईल. घरगुती खात्यात शेवटच्या २५ आवृत्त्या राहतात, म्हणूनच वर म्हटलं की आता सेव्ह करत बसू नका. नव्या आवृत्त्या आल्या की जुन्या मागून गळतात.

हवी ती आवृत्ती सापडली की 'रिस्टोअर' दाबण्यापेक्षा ती उघडून वेगळ्या नावाने ठेवा. रिस्टोअर केलं तरी आजची फाईल इतिहासात राहते, नाहीशी होत नाही. पण घाईत कुठली जुनी, कुठली नवी हा घोळ नको. नव्या वर्षाचे आकडेही तुम्ही कष्टाने भरलेत.

फाईल गूगल ड्राइव्हवर असेल तर दोन प्रकार आहेत. गूगल शीट असेल तर 'फाईल' मेनूत 'व्हर्जन हिस्टरी' मिळेल, आणि एखाद्या सेलवर राइट-क्लिक करून 'शो एडिट हिस्टरी' घेतलं तर त्या एका सेलमध्ये कधी काय बदललं तेही दिसतं. एक्सेल फाईलच नुसती ड्राइव्हवर चढवलेली असेल तर तिच्यासाठी 'मॅनेज व्हर्जन्स' आहे, आणि तिथल्या जुन्या आवृत्त्या ३० दिवसांनी किंवा १०० आवृत्त्या झाल्या की जाऊ शकतात. अशा वेळी आजच बघा.

फाईल फक्त लॅपटॉपवरच असेल तर तिच्यावर राइट-क्लिक, 'प्रॉपर्टीज', मग 'प्रीव्हियस व्हर्जन्स'. यादी रिकामी आली तर तेच त्या फोल्डरवर करून बघा. नव्या वर्षासाठी तुम्ही फाईलचं नाव बदललं असेल, तर जुन्या नावाची प्रत फाईलच्या यादीत येणार नाही, फोल्डरच्या यादीत येईल. अर्थात 'फाईल हिस्टरी' ही विंडोजची जुन्या प्रती ठेवायची सोय कोणी आधी चालू केली असेल किंवा विंडोजने रिस्टोअर पॉइंट घेतले असतील तरच इथे काही मिळतं. 'सिस्टिम रिस्टोअर' मात्र चालवू नका. त्याने विंडोजची सेटिंग्ज आणि प्रोग्रॅम मागे जातात, तुमचे कागद नाहीत.

इथेही हाती काही लागलं नाही तर उरतं डिलीट झालेल्या फाईली शोधणारं सॉफ्टवेअर. फाईल 'ओव्हरराइट' झाली म्हणजे जुनी त्याच जागी खोडली गेली, असं सगळ्यांना वाटतं. एक्सेल तसं करत नाही. ते आधी त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाची नवी फाईल लिहितं, मग जुनी काढून टाकतं आणि नवीला जुनीचं नाव देतं. म्हणजे डिस्कच्या दृष्टीने तुमची जुनी फाईल 'डिलीट' झाली आहे, आणि तिची जागा दुसऱ्या कशाने भरेपर्यंत ती तिथे असू शकते. म्हणूनच डाउनलोड-इन्स्टॉल बंद. सॉफ्टवेअर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्हवर घ्या, सापडलेली फाईलही पेनड्राइव्हवरच उतरवा. नाव काहीतरी विचित्र असेल, तेव्हा तारीख आणि साइझवरून ओळखा. पण हे जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर. एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवरची डिस्क) असेल, आणि हल्लीच्या लॅपटॉपमध्ये बहुधा तीच असते, तर विंडोज मोकळी झालेली जागा तिला लगेच कळवतं आणि ती जागा थोड्याच वेळात साफ होते. आशा फार कमी. "आधी पैसे भरा, मग फाईल दाखवतो" म्हणणाऱ्यांना एसएसडीसाठी एक रुपयाही देऊ नका.

खरं सांगायचं तर सोसायटीच्या बाबतीत माझा जास्त भरवसा लॅपटॉपवर नाही, माणसांवर आहे. ही फाईल तुम्ही वर्षभरात कोणाला तरी पाठवलीच असणार: चेअरमनना, सेक्रेटरींना, थकबाकीची यादी म्हणून कमिटीच्या ग्रुपवर, आधीच्या ऑडिटरला. जीमेलच्या शोधपट्टीत इंग्रजीत 'has:attachment' आणि पुढे फाईलचं नाव टाका, 'सेंट'मध्येही बघा. व्हॉट्सॲपवर त्या चॅटच्या नावावर टॅप करून 'मीडिया, लिंक्स, डॉक्स'मध्ये जा. तुमच्या फोनवर उघडत नसेल तर ज्यांना पाठवली त्यांच्या फोनवर बघायला सांगा. ब्राउझरच्या 'डाउनलोड्स'मध्ये त्याच नावापुढे कंसात १, २ लागलेल्या प्रती सापडणं तर नेहमीचंच. डिसेंबरची प्रत मिळाली तरी पुढचे तीनच महिने भरायचे राहतात.

ते तीन महिने, किंवा अगदी वाईट म्हणजे पूर्ण वर्ष, पावती पुस्तक आणि बँकेच्या स्टेटमेंटवरून उभं करता येतं. ऑडिटर शेवटी त्यांच्याशीच हिशेब ताडून बघतो, त्याला तसं आधीच सांगून ठेवा. आणि एक पडताळणी तुमच्याकडे आत्ताच आहे: नव्या फाईलमधली प्रत्येक सभासदाची १ एप्रिलची सुरुवातीची बाकी म्हणजेच जुन्या फाईलची ३१ मार्चची शेवटची बाकी. ती आकडे टाइप करून भरलेली असेल तर तुमचं नव्याने केलेलं काम तिच्याशी फ्लॅटवार जुळलं पाहिजे. पण त्या सेलमध्ये फॉर्म्युला असेल आणि तो पुसलेल्या रकान्यांवर बेतलेला असेल, तर आज तिथे दिसणारा आकडा चुकीचा आहे. तो धरू नका. सेलवर क्लिक करून वरच्या फॉर्म्युला बारमध्ये काय येतं ते आधी बघा.